दिवा विझला, व्हॉल्व्ह उघडाच!

आमच्या घरातल्या गीझरवर एक छोटा लाल दिवा आहे. तुमच्याही घरी असेल. दिवा लागला की पाणी तापते आहे, असे आपण धरून चालतो. गेल्या थंडीत एका सकाळी मी अर्धा तास त्या दिव्यावर विश्वास ठेवून बसलो आणि शेवटी गार पाण्याने आंघोळ करून कुडकुडत बाहेर आलो. दुपारी इलेक्ट्रिशियन आला. झाकण उघडून म्हणाला, "काका, कॉइल जळालीय. दिवा काय, करंट आला की लागणारच. पाणी तापतंय की नाही, ते त्याला काय ठाऊक?"

सौ. हसली. मी मात्र त्या पोराचे वाक्य वहीत लिहून ठेवले. कारण करंट आला एवढेच सांगणाऱ्या आणि पाणी तापले की नाही याबद्दल मौन पाळणाऱ्या एका दिव्यापायी अमेरिकेतल्या एका अणुभट्टीचा निम्मा गाभा वितळला होता. आणि तशाच एका 'दिव्या'पायी, फार लहान प्रमाणावर, १९९७ साली मी बँकेत अधिकारी असताना माझ्या हातून एका बाईंवर अन्याय झाला होता. त्या बाईंची हकिगत शेवटी सांगतो. आधी अणुभट्टी.

हॅरिसबर्गजवळची पहाट

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग. तिच्याजवळ सस्क्वेहाना नदीतल्या एका बेटावर थ्री माइल आयलंड हे अणुवीज केंद्र आहे. त्यातले २०१९ मध्ये बंद झालेले पहिले युनिट मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विजेच्या गरजेसाठी पुन्हा सुरू करण्याचा करार २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाला, तेव्हा जगभरच्या जुन्या वाचकांना त्याच्या शेजारचे दुसरे युनिट आठवले असणार. अपघात झाला तो त्या दुसऱ्यात.

तारीख २८ मार्च १९७९. वेळ पहाटे चारची. पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले, टर्बाइन थांबले, आतला दाब वाढला. दाब वाढला की सुटका करून देणारा एक व्हॉल्व्ह असतो. प्रेशर कुकरच्या शिटीचाच मोठा भाऊ म्हणा. तो ठरल्याप्रमाणे उघडला. काही सेकंदांत अणुभट्टीही आपोआप बंद झाली. पण चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तशी भट्टीतली उष्णता लगेच जात नाही. तिला पाणी मिळत राहावे लागते. दाब उतरल्यावर तो व्हॉल्व्ह मिटायला हवा होता. तो अडकला आणि उघडाच राहिला. भट्टीला वाचवणारे पाणी तिथून निसटू लागले.

नियंत्रण कक्षात मात्र या व्हॉल्व्हचा दिवा विझला. कर्मचाऱ्यांनी अर्थ काढला, व्हॉल्व्ह मिटला. तुम्ही-आम्ही तिथे असतो तर हाच अर्थ काढला असता. प्रत्यक्षात तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता. तो व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलला जोडला होता. 'मीट' असा हुकूम सुटला, कॉइलची वीज बंद झाली, दिवा विझला. हुकूम पाळला गेला की नाही हे सरळ सांगणारा दिवा पॅनेलवर नव्हता. ज्या टाकीत ते निसटलेले पाणी जमत होते, तिच्या दाबाचा काटा पॅनेलच्या मागच्या बाजूला होता. खुर्चीवरून उठून मागे वळसा घालून गेले, तरच तो दिसणार.

पुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. पाण्याची पातळी दाखवणारा एक काटा वर वर सरकू लागला. पाणी जास्त झाले अशी कर्मचाऱ्यांची समजूत झाली आणि जे आपत्कालीन पंप आपणहून पाणी ओतत होते, त्यांचे पाणी त्यांनी हाताने कमी केले. घरातल्या कोणत्याही बाईला यातली फसगत लगेच कळेल. दूध उतू येते तेव्हा पातेले काठोकाठ भरलेले दिसते. दूध काही वाढलेले नसते. आत पाण्याची वाफ होत होती आणि काटा 'भरले, भरले' म्हणत होता. भट्टीत खरोखर किती पाणी आहे, हे थेट दाखवणारे साधन त्या कक्षात नव्हतेच. उलट, यंत्रणा पाण्याने गच्च भरू देऊ नका, हे प्रशिक्षणात त्यांच्या मनावर पक्के बिंबवलेले होते.

पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम वाजू-चमकू लागले. महत्त्वाचा कोणता, बिनमहत्त्वाचा कोणता, सगळे एकाच सुरात. संगणकाचा प्रिंटर इशाऱ्यांची यादी छापत होता, पण इशारे इतके की एका टप्प्यावर तो दोन तासांहून अधिक मागे पडला. म्हणजे घरात आग लागलेली आणि पोस्टमन परवाचे पत्र आणून देतोय! पर्यायी पाणीपुरवठ्याचे दोन व्हॉल्व्ह चुकून बंद राहिले होते. ते ध्यानात यायला आठ मिनिटे गेली, कारण त्यांतल्या एका दिव्यावर दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी लोंबत होती. त्या कक्षातल्या एका कर्मचाऱ्याने नंतर सांगितले, की ते इशाऱ्यांचे पॅनेल उचलून फेकून द्यावे असे त्याला वाटत होते. उपयोगाचे असे ते काहीच सांगत नव्हते.

निसटती वाट बंद करायला दोन तास वीस मिनिटांच्या आसपास लागली. तोवर फार उशीर झाला होता. निम्म्याच्या आसपास गाभा वितळला. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग थोडा होता, एवढेच सुदैव.

अध्यक्ष कार्टर यांनी चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख जॉन केमेनी हे गणितज्ञ. 'बेसिक' या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. त्यांचा अहवाल ऑक्टोबर १९७९ मध्ये आला. कर्मचाऱ्यांच्या चुका त्याने लपवल्या नाहीत. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यांना शिकवले काय होते, हातात कोणत्या सूचना दिल्या होत्या, त्यांच्यासमोर कोणते दिवे आणि काटे मांडले होते, हेही त्याने विचारले. यातली सर्वांत बोचरी बाब अशी, की सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात असाच व्हॉल्व्ह असाच अडकला होता आणि तिथल्या माणसांचीही अशीच फसगत झाली होती. तिथे व्हॉल्व्ह वेळेत लक्षात आला, म्हणून निभावले. त्या प्रसंगावरून काही अभियंत्यांनी दिलेला इशारा थ्री माइल आयलंडच्या खुर्चीपर्यंत पोहोचला नाही. दोन वेगळ्या ठिकाणची, वेगळी माणसे त्याच जागी चुकतात, तेव्हा दोष माणसांत शोधायचा की जागेत?

गोंगाट आणि शांतता

थ्री माइल आयलंडनंतर जग शहाणे झाले असेल, असे वाटेल. २४ जुलै १९९४ चा रविवार घ्या. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथली टेक्साको कंपनीची रिफायनरी. सकाळी विजांचे वादळ झाले, कारखान्याची घडी विस्कटली आणि दुपारी मोठा स्फोट झाला. २६ जण जखमी झाले. तिथे एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता आणि नियंत्रण यंत्रणा तो उघडा असल्याचे सांगत होती. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, फक्त उलटी! स्फोटापूर्वीच्या शेवटच्या जेमतेम अकरा मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांपुढे २७५ इशारे येऊन आदळले. दर अडीच सेकंदांना एक. तुमच्या दारावरची घंटा दर अडीच सेकंदांनी वाजू लागली तर तुम्ही दार उघडाल, की घंटेची वायर उपटाल? लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिथे खोटे ओरडणारा एक मुलगा होता. इथे पावणेतीनशे मुले ओरडत होती आणि त्यांतली दोन-चारच खरे बोलत होती.

उलट टोकाचे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चे. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याची सुरुवात ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या हद्दीत झाली. दुपारी सव्वादोनच्या सुमारास तिथल्या नियंत्रण कक्षातली इशारे देणारी संगणक-यंत्रणा आज्ञावलीतल्या एका दोषामुळे निमूटपणे बंद पडली. 'मी बंद पडले आहे' हे सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. बाहेर एकामागून एक वाहिन्या निकामी होत होत्या आणि कक्षात शांतता होती. पडदा गप्प म्हणजे सारे आलबेल, असे समजून माणसे बसली. संध्याकाळी चारनंतर काही मिनिटांत न्यूयॉर्कपर्यंत काळोख झाला.

मिलफर्ड हेवनला गोंगाटाने माणसांना बहिरे केले, ओहायोत शांततेने फसवले. दोन्हीकडे माणसे जागी होती, खुर्चीवर होती, डोळे पडद्यावर होते. पडद्यावर जे होते ते खरे नव्हते, किंवा खरे असून वाचता येत नव्हते.

आणि आपल्याकडचे उदाहरण तर अजून ओले आहे. २ जून २०२३ ची संध्याकाळ, ओडिशातले बालासोर. कोरोमंडल एक्स्प्रेसच्या चालकाला सरळ मार्गाचा हिरवा सिग्नल होता. रूळ मात्र शेजारच्या लूप लाइनकडे वळलेले होते आणि तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे गेली. त्या रात्री घराघरांत एकच प्रश्न होता, चालक चुकला की स्टेशनमास्तर? रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले ते वेगळेच. सिग्नलच्या विद्युत जोडणीत केलेल्या कामांतल्या त्रुटींमुळे सिग्नल एक सांगत होता आणि रूळ दुसरीकडे वळले होते. चालकाने दिव्यावर विश्वास ठेवला. त्याने आणखी कशावर ठेवायचा होता?

लाल शाईची बाटली

मग उपाय काय? इथे मला माझ्या जुन्या धंद्याची आठवण येते. मी बँकेत लागलो तेव्हा संगणक नव्हते. जाडजूड लेजर होती आणि प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर शाईच्या दोन बाटल्या असत. निळी सर्वांची, लाल अधिकाऱ्याची. खातेदाराने चेक थांबवायला सांगितले की अधिकारी स्वतः उठून त्या खात्याचे पान काढी आणि माथ्यावर लाल शाईने चेकचा नंबर आणि 'पेमेंट थांबवा' असे लिहून सही करी. तो चेक पुढे कधीही आला, तरी नोंद करण्यासाठी क्लार्कला तेच पान उघडावे लागे. जिथे हात जाणार, तिथेच डोळ्यासमोर लाल अक्षरे. उरलेले सारे पान निळे. म्हणून लाल दिसे.

पुढे एका कादंबरीच्या निमित्ताने मला एका वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात दोन दिवस बसायला मिळाले. तिथले शिफ्ट इंजिनिअर पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. मी पडद्यांकडे पाहून थोडा निराश झालो. सिनेमात असतात तसे रंगीबेरंगी, लखलखते काही नव्हते. राखाडी पार्श्वभूमी, राखाडी रेषा, काळपट आकडे. त्यांना माझा चेहरा कळला असावा. म्हणाले, "आधीचा आमचा पडदा म्हणजे गणपतीचा मांडव होता, साहेब. पंप फिरताना हिरवे, टाक्या निळ्या, आगीच्या ज्वाळासुद्धा हलायच्या. बघायला आलेली माणसं खूश. आता सगळं राखाडी आहे. म्हणून एखादी गोष्ट पिवळी-तांबडी झाली की झोपेतसुद्धा दिसते."

मला लाल शाईची बाटली आठवली!

या विषयाचे आता शास्त्र झाले आहे आणि त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर पोटावर बसत, कारण वैमानिक पंखांचे फ्लॅप आवरायला जात आणि चाके आवरून टाकत. वैमानिक चुकतात, असे सगळे म्हणत होते. अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले. दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला अगदी सारखे. त्याने एकाच्या टोकाला रबराचे छोटे चाक बसवले, दुसऱ्याला पाचरीचा आकार दिला. अंधारातही हाताला कळावे, हे चाकाचे आणि हे पंखाचे. त्या चुका थांबल्या. वैमानिक तेच होते.

त्या परंपरेत आज जे नियम सर्वमान्य होत आले आहेत, ते कोणत्याही गृहिणीला पटावेत इतके साधे आहेत. रंग बिघाडासाठी राखून ठेवा. जे ठीक आहे त्याला रंग नको. नुसता आकडा देऊ नका. १८२ म्हणजे जास्त की कमी, हे ऑपरेटरने पाठ का करावे? आकड्याशेजारी एक पट्टी काढा, तिच्यावर नेहमीची मर्यादा दाखवा आणि गेल्या तासाभरात तो चढतोय की उतरतोय, याची रेघ दाखवा. डॉक्टर ताप एकदा विचारत नाहीत, तक्ता बघतात. लाल-हिरव्यातला फरक न ओळखू शकणारी बरीच माणसे असतात, म्हणून नुसत्या रंगावर भिस्त नको. आकार आणि शब्दही बदलू द्या. आणि इशारा म्हणजे माहिती नव्हे. ज्यावर माणसाने काहीतरी करायलाच हवे, तोच इशारा. बाकीचे वहीत जाऊ द्या.

१९९९ मध्ये ब्रिटनमधल्या ईईएमयूए या संस्थेने या विषयावर मार्गदर्शिका काढली. तिचा हिशेब सोपा आहे. सर्व सुरळीत असताना सरासरी दहा मिनिटांत एकाहून अधिक इशारा येऊ नये आणि मोठा बिघाड झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दहाच्या आत असावेत, तरच माणसाला ते झेपतात. मिलफर्ड हेवनचे २७५ आठवा. यंत्राची क्षमता आपण अश्वशक्तीत मोजतो. माणसाच्या लक्षालाही क्षमता असते, हे मान्य करायला विसावे शतक संपावे लागले.

आणि पहिला नियम, जो मी शेवटी सांगतो आहे: दिवा हुकूम सुटल्याचा नको, काम झाल्याचा हवा. ते जमत नसेल तर निदान दोन्ही वेगळे दाखवा.

नऊ मिनिटांची परीक्षा

हे सगळे जमले की काय होते, त्याचे उदाहरण तुम्ही आम्ही सर्वांनी अनुभवले आहे. फक्त आपल्याला ते कळले नाही. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. टाळेबंदीचे दिवस. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. आपण बाल्कनीत उभे होतो. त्या वेळी दिल्लीतल्या राष्ट्रीय भारप्रेषण केंद्रात, मुंबईतल्या पश्चिम विभागाच्या केंद्रात आणि राज्याराज्यांतल्या तशाच कक्षांत माणसे श्वास रोखून पडद्याकडे बघत होती. मागणी १२-१३ हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता. घटली सुमारे ३१ हजारांनी! आणि नऊ मिनिटांनी ती परत चढायची होती. वीज साठवून ठेवता येत नाही म्हटले तरी चालेल. मागणी पडली की त्याच क्षणी निर्मिती उतरवावी लागते, नाहीतर जाळेच कोसळते. ३१ जुलै २०१२ रोजी तसे कोसळले होते आणि देशातले सुमारे ६० कोटी लोक त्याच्या छायेत आले होते.

त्या रात्री काही कोसळले नाही. जलविद्युत केंद्रे झरझर उतरवली आणि झरझर चढवली गेली. यामागे तयारी होती, सराव होता. आणि एक आकडा होता, ५०. विजेची वारंवारिता दर सेकंदाला ५० आवर्तने. ५० च्या वर सरकली तर वीज जास्त, खाली सरकली तर कमी. सगळ्या देशाच्या विजेची नाडी एका आकड्यात, आणि तो आकडा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रत्येक कक्षातल्या माणसाला सारखाच कळतो. तो हुकूम सांगत नाही, झालेले काम सांगतो. त्या नऊ मिनिटांत कितीतरी माणसे एकमेकांना न पाहता एका सुरात वागली, त्याचे एक कारण मला हेही वाटते.

भिंतीवरचा सिनेमा

आता आपल्या शहरांकडे वळू. स्मार्ट सिटी योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि ३१ मार्च २०२५ ला संपली. तिच्यातून देशातल्या शंभर शहरांत नियंत्रण केंद्रे उभी राहिली. रस्त्यांवरचे कॅमेरे, सिग्नल, पाणी, कचरागाड्या, सारे एका मोठ्या भिंतीवर. त्यांच्या उद्घाटनांची छायाचित्रे मी आवर्जून पाहतो. पाहुणे भिंतीकडे बोट दाखवत असतात, भिंत रंगांनी उजळलेली असते आणि कोपऱ्यात पाठमोरे बसलेले असतात ते ऑपरेटर.

त्या पाठमोऱ्या मुलामुलींविषयी मला चार प्रश्न विचारावेसे वाटतात. त्यांच्यासमोर तासाला किती इशारे येतात? त्यांतल्या किती इशाऱ्यांवर खरोखर काही करता येते? पूर आला, की नेमका कोणता पडदा बघायचा हे रात्री तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना त्यांना कळते का? आणि ती भिंत मांडण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले होते का? निविदेत पडद्यांची संख्या असते, इंचांत मापे असतात. त्या पडद्यापुढच्या माणसाला दोन मिनिटांत काय समजले पाहिजे, हेही तिथे लिहिले जावे. कॅमेरे वाढवणे सोपे आहे. डोळे दोनच राहतात.

अतिदक्षता विभागात कोणी आपले असले, की हा प्रश्न एकदम घरचा होतो. तिथे खाटेखाटेशी यंत्रे पिंपिं करत असतात. पहिल्या दिवशी प्रत्येक आवाजाला आपण दचकून उठतो. तिसऱ्या दिवशी आपणही उठत नाही. मग वर्षानुवर्षे तिथे रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरने प्रत्येक वेळी दचकावे, ही अपेक्षा कोणत्या हिशेबाने करायची?

मेमो

आता ती हकिगत. १९९७ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. बँकेचे नाव सांगत नाही. शाखेत नुकतेच संगणक आले होते. लेजर माळ्यावर गेली होती आणि लाल शाईची बाटली वाळून गेली होती. एका दुपारी एक निवृत्त शिक्षक आले. घराच्या स्लॅबसाठी त्यांनी एका ठेकेदाराला अठरा हजारांचा चेक दिला होता. व्यवहार फिसकटला, चेक थांबवायचा होता. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज घेतला, नंबर घातला. पडद्यावर अक्षरे उमटली, 'सूचना स्वीकारली'. बाईंनी मास्तरांना सांगितले, "झालं काम, गुरुजी."

ते झाले नव्हते. ती सूचना माझ्या मंजुरीनंतरच लागू होणार होती. आणि माझ्या पडद्यावर त्या दिवशी मंजुरीसाठी साठ-सत्तर नोंदी होत्या. पत्ता बदल, नवे चेकबुक, नावातली दुरुस्ती. सगळ्या एकाच रंगात, एकाच आकारात, एकाखाली एक. मी अर्ध्या मंजूर केल्या, उरलेल्या उद्या बघू म्हणून सहाच्या एसटीने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी उरलेली यादी उघडायच्या आत, ठेकेदाराने चेक वटवून पैसे नेले.

मास्तरांचे पैसे बँकेने भरून दिले. चौकशी झाली. बाई एवढेच म्हणाल्या, "साहेब, मला तर झालं असंच दिसत होतं." अहवाल मी लिहिला. 'सूचना अंतिम झाल्याची खात्री न करता कर्मचाऱ्याने खातेदारास आश्वासन दिले' असे वाक्य मी त्यात घातले आणि खाली सही केली. बाईंना मेमो मिळाला, तो त्यांच्या सेवापुस्तकात लागला. त्या वर्षी त्यांची बढतीची मुलाखत होती. त्या पास झाल्या नाहीत.

वाक्य खोटे नव्हते, म्हणूनच ते मला इतकी वर्षे टोचते. तो पडदा 'स्वीकारली' म्हणतो, 'मंजुरी बाकी' म्हणत नाही, हे मी लिहिले नाही. माझ्या यादीत अठरा हजारांचा थांबवलेला चेक आणि पत्त्यातली दुरुस्ती सारखीच दिसते, हेही लिहिले नाही. लिहिले असते तर माझाही दोष निघाला असता. शिवाय ते लिहिले असते, तर कदाचित कोणीतरी तो पडदा बदलला असता. नाही लिहिले, म्हणून माणूस बदलला आणि पडदा तसाच राहिला. पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या एका शाखेत हुबेहूब तसेच घडल्याचे माझ्या कानावर आले.

अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'मानवी चूक'. ते वाचून आपल्याला बरे वाटते. दोषी सापडला, प्रकरण मिटले. पुढच्या वेळी तो मथळा वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. त्या क्षणी त्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय होते?

बाई निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटल्या. मी तो विषय काढला आणि अहवालाबद्दल माफी मागितली. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, तेव्हा लिहायला हवं होतंत." आणि पंगतीकडे निघून गेल्या.

तेव्हा नाही लिहिले. म्हणून आज लिहिले.